एस्प्लनेडला उतरणारी तरुण पावलं

रविवार, १३ सप्टेंबर २०२०. कोलकात्याची मेट्रो मार्चपासून बंद होती. जवळजवळ सहा महिने एस्प्लनेड स्टेशनच्या जिन्यावर प्रवाशाचं पाऊल पडलं नव्हतं. त्या दिवशी गाड्या धावल्या, पण सगळ्यांसाठी नव्हे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला निघालेली मुलं-मुली आणि सोबतचे पालक, एवढ्यांनाच आत सोडलं जात होतं. परीक्षेचं प्रवेशपत्र हेच त्या दिवशीचं ओळखपत्र! उरलेल्या शहरासाठी मेट्रो दुसऱ्या दिवशी, १४ तारखेला, मोबाइलवरच्या ई-पासवर सुरू झाली.

महासाथीनं बंद पडलेली आपली वाहिनी उघडताना एका महानगरानं पहिला मान सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना दिला. त्या गडबडीत ही गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. पण एस्प्लनेड पाहायला जाणाऱ्यानं ती लक्षात ठेवावी. कारण हा चौक म्हणजे नुसतं बसस्थानक, बाजार आणि जुन्या इमारती नव्हेत. बंगालमधला तरुण काहीतरी मागायला, काहीतरी मिळवायला जिथे येतो, ती ही जागा. कुणी फुटबॉलचे बूट घेऊन येतो, कुणी नोकरीचा अर्ज घेऊन, तर कुणी मागण्यांचा फलक घेऊन.

मुंबईहून येणारा मराठी प्रवासी गीतांजली एक्सप्रेसनं किंवा मेलनं हावड्याला उतरतो. पूर्वी तिथून हावडा पुलावरच्या गर्दीतून, पिवळ्या टॅक्सीत घाम पुसत पलीकडे जावं लागे. आता स्टेशनाच्या पोटात जमिनीखाली उतरलं की मेट्रो तयार असते. हुगळी नदीच्या तळाखालून जाणारा हा मार्ग १५ मार्च २०२४ला प्रवाशांसाठी खुला झाला. नदीखालचं अंतर पाऊण मिनिटात संपतं. भिंतींवर निळे दिवे चमकतात, ‘आली वाटतं नदी’ म्हणेपर्यंत ती मागे पडलेली असते, आणि पुढच्या दोन स्टेशनांत एस्प्लनेड येतं. इथूनच २४ ऑक्टोबर १९८४ला भवानीपूरपर्यंत देशातली पहिली भुयारी रेल्वे धावली होती. जेमतेम ३.४ किलोमीटरचा मार्ग, पण त्या वेळी त्याचं केवढं अप्रूप होतं!

तोफांसाठी राखलेलं मैदान

एस्प्लनेड हे नाव मुंबईकरांनाही परकं नाही. काळ्या घोड्याजवळची जुनी एस्प्लनेड मॅन्शन आठवावी. आजचा महात्मा गांधी रोड एके काळी एस्प्लनेड रोड होता आणि ओव्हल, क्रॉस, आझाद ही मैदानं म्हणजे एकाच मोठ्या एस्प्लनेडचे तुकडे. किल्ल्यातून तोफ डागायची तर समोर झाड-घर काही नको, म्हणून मोकळी सोडलेली जमीन, असा या शब्दाचा मूळ अर्थ. मुंबईचा किल्ला पाडला गेला, मैदानाचे तुकडे झाले आणि नावही विरलं. कोलकात्यात मात्र तिन्ही टिकले. पलाशीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला, भोवतालचं जंगल तोडलं आणि त्यातून सुमारे चारशे हेक्टरचं ‘मैदान’ तयार झालं. त्याच्या उत्तर टोकाचा चौक तो एस्प्लनेड. बंगाली माणूस मात्र त्याला धर्मतला म्हणतो. बसचा कंडक्टरही ‘धर्मोतला, धर्मोतला’ असाच पुकारा करतो.

मैदानाची मालकी आजही लष्कराकडे आहे. म्हणून इथे पक्कं बांधकाम करता येत नाही. मोहन बागान, ईस्ट बेंगॉल, मोहमेडन स्पोर्टिंग अशा शतक पाहिलेल्या क्लबांचा पत्ताही ‘तंबू’ असाच सांगितला जातो. तोफांच्या सोयीसाठी राखलेली जमीन पुढे पोरांच्या पायाखाली आली. जगातल्या फार थोड्या शहरांच्या मध्यभागी असं फुकटचं गवत उरलं असेल.

याच मैदानावर २९ जुलै १९११ला मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. बंगाली संघातली बहुतेक मुलं अनवाणी खेळली होती. शाळकरी मुलांना ही तारीख पलाशीच्या तारखेइतकीच पाठ असते. कदाचित जास्तच.

चौकात उभं राहिलं की सगळ्यात आधी नजरेत भरतो तो शहीद मिनार. १८२८ साली डेव्हिड ऑक्टरलोनी या इंग्रज सेनापतीच्या स्मरणार्थ तो उभा राहिला आणि १९६९मध्ये हुतात्म्यांच्या नावे झाला. त्याच्या पायथ्याशी झालेल्या सभांची मोजदाद कुणी केलेली नाही. पण त्यातली एक सांगण्याजोगी. १६ सप्टेंबर १९३१ला खरगपूरजवळच्या हिजली बंदिशाळेत इंग्रजांच्या गोळीबारात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोन तरुण राजबंदी मारले गेले. त्याच महिन्यात या मिनाराखाली निषेध सभा भरली आणि अध्यक्षस्थानी होते सत्तरीतले रवींद्रनाथ टागोर. गंमत नव्हे, पण इतिहासाचा खेळ असा, की त्याच हिजलीच्या बंदिशाळेच्या इमारतीत १९५१मध्ये देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. तरुणांना डांबणाऱ्या भिंती तरुणांना शिकवायला वापरल्या गेल्या. युवकांसाठी खर्च करायचा म्हणजे काय, याचं याहून मोठं उदाहरण शोधायला दूर जायला नको.

बंद लोकल, सुनं मैदान

पहाटे साडेपाचला एस्प्लनेडला यावं. हा चौक खरा कळतो तो तेव्हा. फेरीवाल्यांच्या ताडपत्र्या अजून बांधलेल्या असतात, डेकर्स लेनमध्ये कोळशाच्या चुली पेटत असतात आणि सियालदह, हावड्याकडून येणाऱ्या पहिल्या गाड्यांतून मुलं उतरत असतात. बारा-चौदा वर्षांपासून वीस-बावीसपर्यंतची. पाठीला पिशवी, लेस एकमेकींना बांधून खांद्यावर टाकलेले बूट. कुणी कॅनिंगकडचा, कुणी बोनगावचा, कुणी हुगळी जिल्ह्यातला. घरून साडेतीनला निघालेला. दोन तासांचा सराव, मग क्लबच्या कँटीनमध्ये चिकन स्ट्यू आणि टोस्ट, आणि दुपारी परत शाळा किंवा कामधंदा.

या मुलांना मोठ्या क्लबात लगेच कोण घेणार? त्यांच्यासाठी छोटे क्लब असतात. एरियन, कालीघाट, खिदिरपूर, जॉर्ज टेलिग्राफ अशी त्यांची नावं. तिथे चमकलं तर वरची पायरी. नाहीतर निदान रेल्वे, पोलीस, कस्टम्स अशा खात्यांत खेळाडूच्या कोट्यातून नोकरी. १९५८मध्ये कलकत्ता लीग जिंकली ती तिन्ही बड्या क्लबांना मागे टाकून ईस्टर्न रेल्वेनं, आणि त्या संघात होते पी. के. बॅनर्जी. गरीब घरातल्या मुलाला मैदानातून भाकरीपर्यंत नेणारी ही वाट शंभर वर्षांपासूनची आहे. तिच्यावर सरकारी योजनेची पाटी नाही. पण ती चालू राहायला तीन गोष्टी लागतात : गवत, लोकल गाडी आणि सकाळी सहाला हजर असणारा एक मोठा माणूस.

मार्च २०२०मध्ये या तिन्ही गोष्टी एकदम गेल्या.

ते दिवसच विचित्र. पी. के. बॅनर्जी २० मार्चला गेले, टाळेबंदीच्या पाच दिवस आधी. १९६२च्या एशियाडमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या संघाचे कर्णधार चुनी गोस्वामी ३० एप्रिलला गेले. एरवी ज्यांच्या मागे अर्धं कोलकाता चाललं असतं, त्यांना मोजक्या माणसांनी निरोप दिला. २० मे रोजी ‘अम्फान’ चक्रीवादळ आलं आणि मैदानाच्या कडेचे जुने वृक्ष मुळासकट आडवे झाले. त्या वर्षीची कलकत्ता लीग रद्द करावी लागली.

उपनगरी गाड्या ११ नोव्हेंबर २०२०ला सुरू झाल्या. दुसऱ्या लाटेत ६ मे २०२१ला पुन्हा थांबल्या, त्या ३१ ऑक्टोबरला सुटल्या. मुंबईकरांना लोकल बंद म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. पण कार्यालयात जाणाऱ्यासाठी लोकल बंद होणं आणि चौदा वर्षांच्या खेळाडूसाठी ती बंद होणं यात फरक आहे. नोकरदाराचं काम पुढे भरून निघतं. चौदाव्या वर्षी शिकायचं ते सोळाव्या वर्षी शिकता येतंच असं नाही. दरम्यान घरची कमाई थांबलेली. बूट खुंटीला लागले आणि मुलगा बांधकामावर किंवा केरळ-महाराष्ट्राकडे जाणाऱ्या गाडीत बसला, असं किती घरांत झालं, याची यादी कुठल्याच क्लबाकडे असणं शक्य नाही.

शाळांचं तेच. बंगालमधल्या शाळा मार्च २०२०मध्ये बंद झाल्या. वरचे वर्ग मध्ये दोनदा उघडून मिटले. सगळ्यात धाकटी मुलं वर्गात परतली ती फेब्रुवारी २०२२मध्ये, जवळजवळ दोन वर्षांनी. त्याच महिन्यात ‘पाड़ाय शिक्षालय’, म्हणजे मोहल्ल्यातली शाळा, हा प्रयोग झाला. इमारतीत गर्दी नको म्हणून मुलं गल्लीतल्या पटांगणात, मैदानात, झाडाखाली बसून शिकली. शांतिनिकेतनच्या प्रांतात झाडाखालच्या वर्गाचं नवल नाही म्हणा!

आकडा एकच देतो तो पुरेसा आहे. आपल्या दहावीसारखी तिथे ‘माध्यमिक’ परीक्षा असते. २०२२मध्ये तिला सुमारे ११ लाख मुलं होती, २०२३मध्ये सुमारे ७ लाख. एका वर्षात चार लाख मुलं कमी! परीक्षा मंडळानं पहिलीच्या प्रवेशवयाचा एक जुना बदल हे कारण पुढे केलं. शिक्षकांनी महासाथीत सुटलेल्या शाळेकडे बोट दाखवलं. दोन्हींत तथ्य असेल. पण शिक्षकांच्या बाजूला जी मुलं आहेत, ती परत कुठे भेटतात, हा प्रश्न परीक्षा मंडळाच्या टेबलावर सुटणारा नाही.

आणि तरुण म्हणजे नुसती हवालदिल मंडळी, असंही कुणी समजू नये. मे २०२१मध्ये कोलकात्यात ऑक्सिजनची टंचाई झाली, तेव्हा रात्रीअपरात्री सिलिंडर पाठीवर घेऊन अनोळखी घरांचे जिने चढणारी पोरं विशी-पंचविशीतलीच होती. डाव्या पक्षांच्या तरुणांचे ‘रेड व्हॉलंटियर्स’ गाजले, पण पाड्या-पाड्यातल्या क्लबांची मुलंही होती. ज्या क्लबच्या कॅरमवरून शेजारी कटकट करत, त्याच क्लबचा फोन नंबर त्या दिवसांत भिंतीवर लिहून ठेवावा लागला.

मग १८ नोव्हेंबर २०२१ला युवाभारती क्रीडांगणावर मोहमेडन स्पोर्टिंगनं कलकत्ता लीग जिंकली. तब्बल चाळीस वर्षांनी! एस्प्लनेडच्या आसपासच्या गल्ल्यांत त्या रात्री काळ्या-पांढऱ्या झेंड्यांना तोटा नव्हता.

मेयो रोडचं धरणं

चौकातून मैदानाच्या कडेनं चालत गेलं की मेयो रोड लागतो आणि गांधीजींचा पुतळा. फिरायला आलेली कुटुंबं इथे फोटो काढतात. याच पुतळ्याजवळ शाळेतल्या नोकरीसाठी पात्र ठरूनही नेमणूक न मिळालेले उमेदवार वर्षानुवर्षं धरणं धरून बसले होते. ९ डिसेंबर २०२३ला त्यांच्या धरण्याला हजार दिवस झाले, आणि एका तरुण उमेदवार महिलेनं निषेध म्हणून स्वतःचं मुंडण करून घेतलं. छत्री, प्लास्टिकचा कागद, पाण्याची बाटली आणि निकालाच्या कागदांची पिशवी, एवढा त्यांचा संसार. काहींच्या मांडीवर लहान मुलं. म्हणजे नोकरीची वाट पाहण्यात तारुण्यच सरलं होतं.

हे भरती प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१६च्या भरतीतल्या पंचवीस हजारांहून अधिक नेमणुका ३ एप्रिल २०२५ला रद्द झाल्या. आता रस्त्यावर आले ते नोकरीत असलेले, आणि त्यातले कित्येक म्हणत होते, आमचा दोष काय? सप्टेंबर २०२५मध्ये नव्यानं परीक्षा झाली. जे वर्षानुवर्षं वर्गात शिकवत होते, ते पस्तिशी-चाळिशीत पुन्हा बाकावर बसले.

मराठी वाचकाला यात काही ओळखीचं दिसेल. ११ मार्च २०२१ला एमपीएससीची परीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात नवी पेठ, शास्त्री रोड भागात हजारो मुलं रस्त्यावर आली होती. खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि वयाची अट, तिन्ही घड्याळं एकाच वेळी टिकटिकत होती. सरकारला दुसऱ्याच दिवशी नवी तारीख द्यावी लागली आणि २१ मार्चला परीक्षा झाली. पुण्याचं उत्तर दहा दिवसांत मिळालं, मेयो रोडचं हजार दिवसांतही मिळालं नाही. पण धडपड तीच.

एस्प्लनेडला याची सवय आहे. २१ जुलै १९९३ला इथल्या युवक काँग्रेसच्या मोर्चावर गोळीबार होऊन तेरा तरुण कार्यकर्ते मारले गेले. ऑक्टोबर २०२४मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या हत्येनंतर कनिष्ठ डॉक्टर याच चौकात उपोषणाला बसले, ऐन दुर्गापूजेत. एकीकडे रोषणाई पाहायला निघालेली नवे कपडे घातलेली गर्दी, दुसरीकडे पांढऱ्या चादरीवर आडवी झालेली तरुण डॉक्टरमंडळी. कित्येकांनी त्या वर्षी मंडपाआधी इथे फेरी मारली.

खात्यातले पैसे आणि पायाखालची जमीन

तरुणांसाठी कुणी काही केलंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. बंगाल सरकारनं २०२१च्या सुरुवातीला ‘तरुणेर स्वप्न’ योजनेत बारावीच्या विद्यार्थ्यांच्या खात्यात टॅब किंवा स्मार्टफोनसाठी प्रत्येकी दहा हजार रुपये भरले. खरं तर टॅबच वाटायचे होते. पण साडेनऊ लाख टॅब बाजारात मिळेनात, म्हणून रोख रक्कम दिली. ३० जून २०२१ला विद्यार्थी क्रेडिट कार्ड आलं : सरकारच्या हमीवर दहा लाखांपर्यंतचं शिक्षणकर्ज, चाळीस वर्षं वयापर्यंत. युरोपीय संघानं २०२०च्या ऑक्टोबरात तिशीच्या आतल्या प्रत्येकाला चार महिन्यांत नोकरी, शिक्षण किंवा उमेदवारी देऊ करण्याचा वायदा नव्यानं केला. आपल्या महाराष्ट्रात २०२४मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. हेतू चांगलेच आहेत.

पण खात्यात पडलेल्या पैशाची एक खोड असते. तो दिसत नाही. २०२४मध्ये टॅबचे पैसे काही मुलांऐवजी भलत्यांच्याच खात्यात गेल्याचं उघड झालं, पोलिसांना धरपकड करावी लागली. आणि जिथे ते बरोबर पोचले, तिथेही टॅब मुलाला एकटाच खोलीत घेऊन बसला. दोन वर्षं जे मूल एकटं होतं, त्याला आणखी एक पडदा मिळाला. त्याला शेजारी बसणारं माणूस हवं होतं.

युनिसेफनं २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारतातल्या १५ ते २४ वयाच्या दर सातांपैकी एकानं आपल्याला वारंवार उदास वाटतं, कशात मन लागत नाही, असं सांगितलं. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. मानसिक त्रासासाठी कुणाची मदत घेणं चांगलं, असं मानणारे आपल्याकडे फक्त ४१ टक्के निघाले. एकवीस देशांची सरासरी होती ८३. म्हणजे आपली मुलं दुखतंय हे सांगतात, पण दार ठोठावत नाहीत. १० ऑक्टोबर २०२२ला केंद्र सरकारनं ‘टेलि-मानस’ सुरू केलं, १४४१६ या नंबरावर चोवीस तास फुकट बोलता येतं आणि मराठी, बंगालीतही बोलता येतं. हा नंबर घरातल्या फ्रिजवर चिकटवून ठेवावा असा आहे. मात्र फोन उचलणारा माणूस आणि रोज सकाळी ‘काल का नाही आलास रे?’ विचारणारा माणूस, दोघंही लागतात.

हा दुसरा माणूस कुठे भेटतो? एस्प्लनेडहून लेनिन सरणीनं पूर्वेकडे चालत निघालं तर एक उत्तर सापडतं. हा जुना धर्मतला स्ट्रीट. रस्ता रमतगमत चालण्याजोगा. मोगलाई पराठ्यासाठी नाव असलेलं अनादी केबिन जवळच. पुढे वेलिंग्टनला जुन्या ग्रामोफोन तबकड्यांची दुकानं. हिवाळ्यात तिथेच भुतिया विक्रेत्यांचा लोकरी कपड्यांचा बाजार भरतो. रस्ता जिथे संपतो त्या मौलालीच्या चौकात राज्य युवा केंद्राची इमारत आहे. सरकारी रंगाची, सरकारी जिन्यांची, पाहून कुणी फोटो काढावा अशी अजिबात नाही. पण सभागृह आहे, तरुणांचे कार्यक्रम, मेळावे, स्पर्धा, प्रशिक्षणं होतात. राज्याच्या युवक सेवा खात्यानं गावोगावी संगणक प्रशिक्षण केंद्रं आणि पर्यटनस्थळी युवकांसाठी स्वस्त वसतिगृहंही काढली आहेत. आपल्याकडच्या जिल्हा क्रीडा संकुलांसारखंच सारं : इमारत उभी राहते, फीत कापली जाते, आणि मग प्रशिक्षकाची जागा रिकामी राहिली की कुलपाला गंज चढतो. युवक सेवांवरचा खर्च म्हटलं की सिमेंट आठवतं. खरा खर्च पगाराचा असतो.

एस्प्लनेडच्या दुसऱ्या अंगाला, चौरंगीवर, भारतीय संग्रहालयाच्या शेजारी वायएमसीएची जुनी इमारत आहे. कोलकात्यात ही संस्था १८५७पासून आहे. खेळ, खोल्या, वाचन, आणि शहरात नव्यानं आलेल्या मुलाला टेकायला जागा, हा तिचा जुना उद्योग. दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांना जे कळलं होतं, ते पुन्हा शोधून काढावं लागतंय, एवढंच. खुद्द इंग्लंडमध्ये २०१०नंतर स्थानिक संस्थांनी युवक केंद्रांवरचा खर्च एवढा छाटला, की महासाथीनंतर मुलं परत आली तेव्हा कित्येक केंद्रांची दारंच उरली नव्हती.

एक चांगलं उदाहरण मात्र याच मैदानावर पिकलं. मुलींचं शिक्षण चालू राहावं, लवकर लग्न होऊ नये म्हणून २०१३मध्ये ‘कन्याश्री’ योजना सुरू झाली. तिला २०१७मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. ती पैशाची योजना. पण तिचं नाव पुढे मुलींच्या फुटबॉल लीगला दिलं गेलं, ‘कन्याश्री कप’. मैदानावर हाफ पँट घालून पळणारी मुलगी ही एके काळी वळून पाहायची गोष्ट होती. २०२५मध्ये ईस्ट बेंगॉलच्या मुलींनी राष्ट्रीय महिला लीग जिंकली. बँकेतला आकडा आणि पायाखालचं गवत एकत्र आलं की काय होतं, ते या मुलींना विचारावं.

आणि गवत कायमचं आपलंच, हे गृहीतही धरता येत नाही. मैदानावरचा पुस्तकमेळा पर्यावरणाच्या कारणावरून न्यायालयात गेला आणि २००७पासून इथून हलला. ते योग्यच झालं असेल, पण पुस्तकांसाठी इथे येणारी पोरं गेली ती गेलीच. नव्या मेट्रोच्या कामासाठी खेळाच्या सामानाची दुकानं असलेला विधान मार्केट, ज्याला सगळे मैदान मार्केट म्हणतात, हलवण्याचा विषय निघाला. फाळणीनंतर आलेल्या कित्येक कुटुंबांनी इथे दुकानं थाटली होती. मुलाला पहिले बूट घ्यायचे तर बाप त्याला इथेच आणतो, आणि घासाघीस करून वर मोजे मागून घेतो.

संध्याकाळी चारनंतर पुन्हा इकडे यावं. डेकर्स लेनमध्ये स्ट्यूच्या ताटलीभोवती कारकून आणि विद्यार्थी खांद्याला खांदा लावून उभे असतात. के. सी. दासच्या दुकानात रसगुल्ला खाऊन बाहेर पडलं की समोर न्यू मार्केटकडे जाणारी झुंबड. बायकांची खरेदी तिथे होऊ द्यावी, आणि मुलांना घेऊन मैदानाकडे वळावं. मिनाराची सावली लांब झालेली असते. कुठे क्रिकेट, कुठे फुटबॉल, कुठे नुसती आड्डा : चार मुलं, दोन चहा, आणि दोन तासांची चर्चा.

२२ ऑगस्ट २०२५पासून एस्प्लनेडहून सियालदहलाही मेट्रो जाते. रस्त्यानं अर्धा तास खाणारं अंतर दोन-तीन मिनिटांचं झालं.  

उजेड उतरायला लागतो. बहुतेक पटांगणांवर दिवे नाहीत, त्यामुळे चेंडू दिसेनासा झाला की सराव संपतो. प्रशिक्षक जाळीच्या पिशवीत चेंडू भरतात, भरताना मोजतात. एक कमी. सगळे वाकून गवतात शोधायला लागतात. रस्त्याकडच्या झाडाखाली, शेंगदाणेवाल्याच्या टोपलीमागे तो सापडतो. आता अकरा झाले. उद्या सकाळी सहाला.